जेल फुगतं कशानं, आणि बॅक्टेरियाला ते जाणवतं कसं

घरात तान्हं बाळ असेल तर एक प्रयोग करून बघाच. एक कोरा डायपर घ्यायचा, मधला कापूस उसकटून प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचा आणि पिशवी नीट झटकायची, तळाला बारीक रव्यासारखी पांढरी पूड जमते. त्यातली चमचाभर पूड ग्लासात घ्यायची आणि वरून आरओचं पाणी ओतायचं. मिनिटभरात ग्लास उलटा धरला तरी थेंब पडत नाही, आत बर्फाच्या चुऱ्यासारखं लिबलिबीत काहीतरी तयार झालेलं असतं. इथपर्यंतचा भाग बऱ्याच जणांनी व्हिडिओत पाहिलेला असतो. खरी मजा पुढे आहे, त्यावर एक मोठा चमचा मीठ टाकायचं आणि ढवळायचं. बघता बघता जेल पाणी सोडायला लागतं आणि ग्लासात ओतता येईल असा पातळ राडा उरतो. (पूड नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, आणि झाल्यावर सगळं कचऱ्यात टाकायचं, सिंकमध्ये ओतलं तर पाइप तुंबेल.)

मी हे आईसमोर केलं तर तिने लगेच विचारलं, "अगं पण शू पण खारटच असते ना, मग डायपर चालतो कसा?"

मला हा प्रश्न फार आवडला कारण हायड्रोजेलचं अर्धं शास्त्र याच प्रश्नात आहे. ही पूड म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. शुद्ध पाण्यात ती स्वतःच्या वजनाच्या ३०० पटीहून जास्त पाणी पिते, पण आपल्या शरीरातल्या द्रवाइतक्या खारट म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तीच पूड ३० ते ५० पटीच्या आसपास थांबते. डायपर बनवणारे सगळा हिशोब या दुसऱ्या आकड्यावर करतात, म्हणून तो चालतो. मग मीठ नेमकं काय करतं? हे एकदा नीट कळलं की कॉन्टॅक्ट लेन्स, पोटातला म्युकस म्हणजे चिकट बुळबुळीत थर, जखमेवरची पट्टी, दातांवरचा थर, सगळीकडे बॅक्टेरिया जेलशी असं का वागतात तेही बरंचसं उलगडतं.

हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या, ज्या एकमेकींना जागोजागी गाठी मारून बांधलेल्या आहेत आणि ज्यांना पाणी आवडतं. गाठी नसत्या तर साखळ्या पाण्यात विरघळून गेल्या असत्या, गाठींमुळे विरघळता येत नाही म्हणून त्या नुसत्या फुगतात. भिजवलेल्या सब्जाभोवतीचा पारदर्शक थर साधारण असाच, अळिवाचंही तेच. पण डायपरच्या पुडीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्या साखळीवर थोड्या थोड्या अंतरावर निगेटिव्ह चार्ज आहेत आणि प्रत्येक निगेटिव्हबरोबर एक पॉझिटिव्ह सोडियम आयन (म्हणजे चार्ज असलेला अणू) आहे.

गोठा डोळ्यासमोर आणा. गाई खुंट्याला बांधलेल्या आहेत आणि वासरं मोकळी आहेत. वासराला दावं नाही, ते गोठ्यात कुठेही हुंदडू शकतं, पण आईला सोडून गोठ्याबाहेर जात नाही. साखळीवरचे निगेटिव्ह चार्ज म्हणजे बांधलेल्या गाई, सोडियम म्हणजे वासरं. पाण्यात टाकल्यावर सोडियम साखळीपासून सुटून जेलमध्ये मोकळा फिरतो पण जेलच्या बाहेर पळू शकत नाही, कारण तो गेला तर मागे नुसता निगेटिव्ह चार्ज उरेल आणि तो त्याला परत ओढून घेईल. म्हणजे जेलच्या आत कायम मोकळ्या आयनांची दाटी आणि बाहेर शुद्ध पाण्यात काहीच नाही. निसर्गाला हा फरक चालत नाही, आयन बाहेर येऊ शकत नसतील तर पाणी आत जातं, दाटी पातळ करायला. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात त्याच ऑस्मोसिसने जेल फुगतं, फक्त इथे मनुकेसारखी साल नाही, चार्जचं बंधनच सालीचं काम करतं. आयर्लंडमध्ये वाढलेल्या फ्रेडरिक डोननने १९११ मध्ये या प्रकाराचं गणित मांडलं म्हणून त्याला डोनन इफेक्ट म्हणतात.

पाणी आत घुसत राहिलं तर जेल अनंत का फुगत नाही? कारण साखळ्या ताणल्या जातात आणि ताणलेलं रबर जसं मागे खेचतं तशा त्या खेचतात. बाहेर ढकलणारे आयन आणि आत ओढणाऱ्या साखळ्या, या दोघांचा तोल जिथे जमतो तिथे फुगणं थांबतं. गाठी जास्त मारल्या तर जेल कडक होतं आणि कमी फुगतं, गाठी कमी तर मऊ आणि भरपूर फुगतं. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये हा तोल समीकरणात बसवला, फ्लोरींना पुढे १९७४ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता मीठ. बाहेरच्या पाण्यात मीठ टाकलं की बाहेरही सोडियम आणि क्लोराइडची गर्दी होते. आतल्या आणि बाहेरच्या गर्दीत फारसा फरक उरला नाही की पाण्याला आत जायचं कारण उरत नाही आणि साखळ्यांची ओढ जिंकते, जेल आक्रसतं. शिवाय साखळीवरचे निगेटिव्ह चार्ज एकमेकांना ढकलून साखळी ताठ ठेवत होते, मिठामुळे त्यांच्यामध्ये पॉझिटिव्ह आयनांचा पडदा येतो आणि तीही ढकलाढकली मंदावते. कॅल्शियम आणखी वाईट कारण त्याला दोन चार्ज, एक कॅल्शियम दोन निगेटिव्ह चार्जना एकदम धरतो, म्हणजे तो नुसती गर्दी करत नाही, नवी गाठच मारतो.

याचा शेतीशी सरळ संबंध आहे म्हणून जरा बाजूला जाऊन सांगते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पुसा हायड्रोजेल बनवलंय, सेल्युलोजवर आधारलेलं, कोरडवाहू शेतीत मुळांजवळ पाणी धरून ठेवायला, हेक्टरी साधारण २.५ ते ५ किलो लागतं. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडे कितीतरी ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, भांड्याला पांढरे डाग पाडणारं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं, त्यावर खताचे क्षार वेगळेच. कुठलंही असं चार्ज असलेलं जेल डिस्टिल्ड पाण्यात जेवढं फुगतं तेवढं या पाण्यात फुगणार नाही. त्यामुळे पाकिटावर अमुक इतके पट लिहिलंय म्हणून हुरळून न जाता आपल्याच विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात चमचाभर टाकून बघावं, पाच मिनिटांचं काम आहे.

चार्ज किती महत्त्वाचा हे कळलं त्याची गोष्ट फार सुंदर आहे. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये तोयोइची तानाका नावाचे जपानी शास्त्रज्ञ पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची जेलं अ‍ॅसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात टाकून बघत होते. अ‍ॅसिटोन वाढवला की जेल आक्रसतं, त्यात नवल काही नव्हतं. पण काही जेलं हळूहळू आक्रसायची आणि काही एका विशिष्ट प्रमाणापर्यंत काहीच न होता अचानक धाडकन कोसळायची, पाण्याचा बर्फ व्हावा तशी. फरक एवढाच की कोसळणारी जेलं जुनी होती, बनवून बरेच दिवस ठेवलेली. मागाहून लक्षात आलं की पडून राहिल्यावर जेलमधले काही ग्रुप पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन निगेटिव्ह चार्जवाले झाले होते. आकारमान शेकडो पट बदलवणारी ही उडी त्या थोड्याशा चार्जमुळे आली होती. १९७८ मध्ये त्यांनी हे छापलं आणि आज ज्यांना स्मार्ट जेल म्हणतात, पीएच किंवा तापमान बदललं की आकार बदलणारी, त्या सगळ्या कामाला तिथून जोर आला. शिळं सँपल फेकून न देता त्याच्याकडे नीट बघितलं म्हणून हे सापडलं, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.

पीएचचा मुद्दा इथेच उरकून घेऊ. डायपरच्या पुडीतले निगेटिव्ह चार्ज कार्बोक्सिल ग्रुपचे असतात, व्हिनेगरमध्ये असतो तसाच ग्रुप. आजूबाजूला आम्लता वाढली की हा ग्रुप हायड्रोजन पकडून चार्ज गमावून बसतो, गायच उरली नाही तर वासरू कशाला थांबेल, आणि जेल आक्रसतं. हे लक्षात ठेवा कारण बॅक्टेरिया आम्लं बनवतात.

आता बॅक्टेरियाकडे येऊ. पहिली गोष्ट आकाराची. साधा बॅक्टेरिया १ मायक्रॉनच्या आसपास म्हणजे १००० नॅनोमीटर. बहुतेक जेलांच्या जाळीची छिद्रं काही नॅनोमीटरपासून १०० नॅनोमीटरपर्यंत. म्हणजे बॅक्टेरियासाठी जेल ही भिंत आहे, तो वर बसू शकतो, सरपटू शकतो, आत जाऊ शकत नाही. म्हणूनच तर लॅबमध्ये अगारवर (बॅक्टेरिया वाढवायला वापरतात त्या जेलवर) कॉलन्या म्हणजे बॅक्टेरियाच्या वस्त्या अशा गोल ठिपक्यांसारख्या दिसतात, पाणी आणि खाणं खालून वर येतं पण बॅक्टेरिया वरच राहतात. (अगार वापरायची कल्पना १८८१ मध्ये फॅनी हेस यांनी दिली, स्वयंपाकघरातल्या जेलीवरून. त्यांचे पती तेव्हा रॉबर्ट कॉख या नामवंत बॅक्टेरियातज्ज्ञांच्या लॅबमध्ये काम करत होते.) अगार अगदी पातळ केलं, ०.३ टक्क्यांच्या आसपास, तर मात्र छिद्रं एवढी मोठी होतात की बॅक्टेरिया आतून पोहत जातात.

दुसरी गोष्ट चार्जची. जवळपास सगळ्या बॅक्टेरियांचा पृष्ठभाग निगेटिव्ह असतो, कुणाच्या अंगावर फॉस्फेटवाले टायकोइक अ‍ॅसिड, कुणाच्या अंगावर लायपोपॉलिसॅकराइड. मग सरळ हिशोब, निगेटिव्ह जेल बॅक्टेरियाला ढकलणार आणि पॉझिटिव्ह जेल ओढणार. हा हिशोब चूक नाही, पण त्यात अंतर धरलेलं नाही आणि घोळ तिथेच होतो. मीठ असलेल्या पाण्यात चार्ज फार लांबून जाणवत नाही कारण उलट्या चार्जचे आयन त्याच्याभोवती जमून त्याला झाकतात. हे किती अंतरावर होतं त्याला डिबाय लांबी म्हणतात. अगदी शुद्ध पाण्यात ती शेकडो नॅनोमीटर असू शकते, रक्तात, अश्रूत, जखमेच्या पाण्यात ती १ नॅनोमीटरच्याही आत. म्हणजे शरीरात १००० नॅनोमीटरच्या बॅक्टेरियाला समोरच्या जेलचा चार्ज कधी कळतो, तर अंगाला अंग लागायच्या बेतात आलं की. दुरून ढकलणं-ओढणं असं काही तिथे होतच नाही. वर बॅक्टेरियाकडे केसासारखे धागे असतात, पिली म्हणतात त्यांना, ते लांब टाकून तो जेलला धरतो, एवढ्या बारीक टोकाला ढकलणारा जोरही कमीच लागतो. म्हणून निगेटिव्ह पृष्ठभागांवरही बॅक्टेरिया बिनधास्त वस्ती करतात.

आणि तिसरी गोष्ट, शरीरात बॅक्टेरियाच्या आधी प्रोटीन येऊन बसतात. इथे कॉन्टॅक्ट लेन्सचं उदाहरण सगळ्यात चांगलं. सॉफ्ट लेन्स प्राग शहरातल्या ओटो विख्टर्ले यांची, १९६१ च्या ख्रिसमसला त्यांनी मुलाच्या मेर्कुर नावाच्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर लेन्स फिरवून ओतायचं मशीन बनवलं. त्यांच्या मटेरियलवर चार्ज नव्हता आणि त्यात ३८ टक्क्यांच्या आसपास पाणी मावायचं. पुढे जास्त पाणी मावावं, डोळ्याला जास्त हवा मिळावी म्हणून काही लेन्समध्ये मेथॅक्रिलिक अ‍ॅसिड घातलं, म्हणजे निगेटिव्ह चार्ज आला, लेन्स जास्त फुगायला लागली, पाणी ५८ टक्क्यांपर्यंत गेलं. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) वर्गवारीत पाणी जास्त आणि चार्जही आहे अशा लेन्सना चौथा गट म्हणतात.

फुगवायला घातलेल्या त्या चार्जने आणखी एक काम केलं. अश्रूत लायसोझाइम नावाचं प्रोटीन भरपूर असतं, ते पॉझिटिव्ह आहे आणि इतकं लहान की जेलच्या जाळीतून आत शिरतं. चौथ्या गटाची लेन्स ते स्पंजसारखं ओढून घेते, बाकी गटांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे तासाभराने बॅक्टेरिया डोळ्यात आला तर त्याची गाठ कंपनीने बनवलेल्या लेन्सशी पडतच नाही, अश्रूतल्या प्रोटीनने माखलेल्या लेन्सशी पडते. लायसोझाइम मुळात बॅक्टेरियाची भिंत कापणारं, त्यामुळे ते शाबूत असेपर्यंत आपल्याच बाजूचं, आणि या लेन्सवर ते बरंचसं शाबूत राहतं असं दिसलंय, तर काही सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सवर जमतं कमी पण त्यातलं जास्त बिघडतं. किती जमलं यापेक्षा कुठल्या अवस्थेत जमलं ते पाहावं लागतं.

लेन्स वापरणाऱ्यांना एवढंच कळकळीने सांगते, नळाच्या पाण्याने लेन्स धुवू नका, लेन्स घालून पोहू नका. वर सांगितलेलं सगळं इथे लागू होतं, लेन्स अश्रूंच्या खारटपणाला जुळवून बनवलेली असते, गोड पाण्यात तिचा आकार बदलतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटू शकते, आणि त्या पाण्यातून अकँथामीबा आणि स्यूडोमोनास सारखे जीव आले तर बुबुळाला जखम व्हायला वेळ लागत नाही.

आता पॉझिटिव्ह जेल. कोळंबी सोलून जी टरफलं आपण टाकून देतो त्यात कायटिन असतं, त्यावर प्रक्रिया करून कायटोसान मिळतं, आणि कायटोसान थोड्या आम्ल पाण्यात पॉझिटिव्ह होतं. अशी पॉझिटिव्ह जेलं बॅक्टेरियाला नुसती धरत नाहीत, मारतात. २०११ मध्ये सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या गटाने कायटोसानला कायमचा पॉझिटिव्ह चार्ज लावून जेल बनवलं आणि ते कसं मारतं याचं एक चित्र मांडलं. बॅक्टेरियाच्या पातळ आवरणात निगेटिव्ह लिपिड म्हणजे चरबीसारखे रेणू भरपूर असतात. छिद्रं असलेलं पॉझिटिव्ह जेल जवळ आलं की ते लिपिड आवरणातून खेचले जाऊन जेलच्या छिद्रात जातात, आवरण फाटतं, बॅक्टेरिया मरतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला निगेटिव्ह लिपिड फार कमी असतात म्हणून त्या तुलनेने वाचतात. जेल एका जागी बांधलेलं आहे, औषधासारखं अंगभर फिरत नाही, हाही फायदा.

ऐकायला एकदम भारी वाटतं, आणि आहेही, पण अडचणी खऱ्या आहेत. मेलेल्या बॅक्टेरियाचे तुकडे निगेटिव्ह असल्यामुळे तिथेच चिकटून राहतात आणि जेलचा चार्ज झाकून टाकतात, पुढच्या बॅक्टेरियासाठी ती चांगली गादी होते. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन पण निगेटिव्ह, तेही येऊन बसतं. मीठ आहेच. आणि बॅक्टेरिया स्वतः गप्प बसत नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या टायकोइक अ‍ॅसिडवर अ‍ॅलानिनचे तुकडे जोडतो, लिपिडवर लायसिन जोडतो, दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे स्वतःचा निगेटिव्हपणा कमी करतो. कोलिस्टिन नावाचं शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक पॉझिटिव्ह चार्जवर चालतं आणि त्याला दाद न देणारे कितीतरी बॅक्टेरिया नेमकी हीच युक्ती वापरतात, आपल्या अंगावरचे फॉस्फेट झाकून टाकतात. पॉझिटिव्ह जेल सगळीकडे फासत सुटलं तर आपण बॅक्टेरियाला याच दिशेने शिकवत बसू, ही भीती मला अजिबात पोकळ वाटत नाही.

गंमत म्हणजे बॅक्टेरिया स्वतःच चार्ज असलेल्या जेलमध्ये राहतात आणि एका जेलने गुंडाळलेलेही असतात. त्यांची भिंत, पेप्टिडोग्लायकन, ही गाठी मारलेली जाळीच आहे, पाण्याने भरलेली, चार्ज असलेली, आतल्या प्रेशरने ताणलेली. फुगणारे आयन आणि आवरणारी जाळी, तोच डायपरवाला तोल. पेनिसिलिन काय करतं तर नव्या गाठी मारूच देत नाही, लायसोझाइम काय करतं तर साखळ्या कापतं, दोन्हीत जाळी कमजोर पडते आणि आतलं प्रेशर बॅक्टेरियाला फोडतं. दोन्ही अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच शोधली, लायसोझाइम १९२२ च्या सुमारास आणि पेनिसिलिन १९२८ मध्ये.

आणि घर म्हणजे बायोफिल्म. सकाळी दातांवर जिभेला जो बुळबुळीत थर लागतो तो बायोफिल्मच, बॅक्टेरियांनी स्वतः बनवलेलं हायड्रोजेल. कॉलराच्या बॅक्टेरियावर प्रिन्स्टनमधल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की तो जी जेल बनवतो तिच्या ऑस्मोटिक प्रेशरमुळे पूर्ण वस्ती फुगून पसरते, जास्त खाणं मिळवते, आणि फुगलेल्या जेलमध्ये फुकटे उपरे शिरू शकत नाहीत. म्हणजे फुगणं ही नुसती रसायनशास्त्रातली गंमत राहिली नाही, ती जगायची पद्धत झाली. स्यूडोमोनासच्या बायोफिल्ममध्ये मेलेल्या पेशींचा डीएनए आणि अल्जिनेट (बॅक्टेरियाने बनवलेली साखरेची लांब साखळी) असे निगेटिव्ह धागे असतात, टोब्रामायसिन सारखं पॉझिटिव्ह अँटिबायोटिक आलं की ते बाहेरच्या थरातच अडकून बसतं, आतल्यांपर्यंत पोहोचायला उशीर होतो. लेन्सने लायसोझाइम ओढून घेतलं तसंच हे, फक्त इथे फायदा बॅक्टेरियाचा.

आता मला सगळ्यात प्रिय असलेलं जेल, म्हणजे आपला म्युकस. शेंबूड, कफ म्हणून आपण नाक मुरडतो पण नाकापासून गुदद्वारापर्यंत आपल्यात आणि अब्जावधी बॅक्टेरियांमध्ये हाच एक थर उभा आहे. त्यातलं मुख्य प्रोटीन म्युसिन, त्यावर साखरेच्या फांद्या आणि फांद्यांच्या टोकाला निगेटिव्ह चार्ज. पेशीच्या आत हे म्युसिन इवल्याशा पिशवीत दाबून भरलेलं असतं आणि इतका चार्ज असून ते आत फुगत नाही, कारण पिशवीत कॅल्शियम ठासून भरलेला असतो आणि वातावरण आम्ल. बोअरच्या जड पाण्यातल्या हायड्रोजेलसारखं ते आक्रसून बसलेलं असतं. पिशवी बाहेर उघडली की बाहेरचा बायकार्बोनेट कॅल्शियमला काढून घेतो, सोडियम आत येतो, आणि म्युसिन काही सेकंदांत शेकडो पट फुगतं. पेद्रो व्हर्दुगो या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे डोनन इफेक्टनेच होतं असं मांडलं. डब्याचं झाकण उघडताच स्प्रिंगवरचा बाहुला उडी मारतो ना, अगदी तसं.

बायकार्बोनेट नसेल तर काय होतं? सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे, त्याचा जीन १९८९ मध्ये सापडला. त्यात क्लोराइड आणि बायकार्बोनेट पेशीबाहेर नेणारा दरवाजाच बिघडलेला असतो. कॅल्शियम नीट निघत नाही, पाणी कमी पडतं, म्युकस पूर्ण फुगत नाही, घट्ट चिकट दोर होतात, फुप्फुसातून वर सरकत नाहीत, आणि त्या अडकलेल्या जेलमध्ये स्यूडोमोनास वर्षानुवर्षं तळ ठोकतो, वरून स्वतःचं अल्जिनेटचं जेलही ओततो. एका आयनाचा रस्ता बंद झाला म्हणून पोराला आयुष्यभर श्वासासाठी झगडावं लागतं, हे वाचताना दरवेळी गलबलतं.

मोठ्या आतड्यात हेच जेल नीट असेल तर काय किमया करतं ते स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या गुनार हान्सन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. उंदराच्या आतड्यात म्युकसचे दोन थर, बाहेरचा सैल फुगलेला आणि बॅक्टेरियाने गजबजलेला, आतला घट्ट, पेशींना चिकटून, सुमारे ५० मायक्रॉनचा, आणि त्यात बॅक्टेरिया जवळपास नाहीतच. दोन्ही थर एकाच म्युसिनचे. आतला थर हळूहळू सैल होऊन बाहेरचा होतो आणि खालून नवा येत राहतो. ज्या उंदरांना हे म्युसिन बनवताच येत नाही त्यांच्यात बॅक्टेरिया थेट पेशींना भिडतात आणि आतड्याला सूज येते.

जठरात तर बॅक्टेरियाने जेलचं हे सगळं शास्त्रच उलटवून वापरलंय. जठरातलं म्युसिन पीएच ४ च्या खाली गेलं की त्याचे निगेटिव्ह चार्ज कमी होतात, साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि घट्ट जेल होतं, पीएच वाढला की ते पुन्हा पातळ. हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे अल्सरवाला बॅक्टेरिया, ज्याची खात्री पटवायला बॅरी मार्शल १९८४ मध्ये त्याचं कल्चरच प्यायले आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळवलं, तो स्क्रूसारखा पीळदार असल्यामुळे जेल भोसकत जातो असं बरीच वर्षं मानलं जायचं. बॉस्टनमधल्या गटाने २००९ मध्ये त्याला आम्ल म्युसिन जेलमध्ये सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर शेपट्या फिरतायत आणि स्वारी जागची हलत नाही. मग युरिया दिला. या बॅक्टेरियाकडे युरियापासून अमोनिया बनवणारं एन्झाइम असतं, अमोनियाने आजूबाजूचा पीएच चढला, जेल पातळ झालं आणि तो पोहत निघाला. ताकद लावायची गरजच नव्हती, जेल पातळ करता येत असताना.

हे सगळं वापरून चांगलं काही बनवता येतं का? येतं. निगेटिव्ह जेलमध्ये जेंटामायसिन किंवा कोलिस्टिनसारखं पॉझिटिव्ह अँटिबायोटिक भरून इम्प्लांटवर लावायचं, बॅक्टेरिया बसला की त्याच्या निगेटिव्ह अंगाकडे किंवा त्याने बनवलेल्या आम्लामुळे औषध सुटून जावं, जिथे शत्रू तिथेच गोळी. अडचण परत तीच, रक्तातलं मीठ पण औषधाला जेलमधून सोडवतं, मग बॅक्टेरिया यायच्या आधीच कोठार रिकामं. त्यामुळे अशा कुठल्याही नव्या जेलची बातमी वाचली की मी आधी शोधते की टेस्ट डिस्टिल्ड पाण्यात केली, मिठाच्या बफरमध्ये केली की प्रत्यक्ष रक्ताच्या सीरममध्ये. आकडे या तिन्हींत फार वेगळे येतात.

दुसरा रस्ता म्हणजे कुणालाच चिकटू न देणारं जेल. त्यात साखळीच्या प्रत्येक फांदीवर एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह, दोन्ही शेजारी शेजारी, बेरीज शून्य. या चार्जभोवती पाणी इतकं घट्ट बसतं की प्रोटीनला टेकायला जागा मिळत नाही आणि प्रोटीन नाही तर बॅक्टेरियालाही पाय रोवायला कठीण. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात शाओयी जियांग यांच्या गटाने २०१३ मध्ये अशी जेलं उंदरांच्या कातडीखाली ३ महिने ठेवली तर त्यांच्याभोवती शरीर एरवी जो जाड कोश बांधतं तो बांधलाच नाही.

या जेलांमधल्या सल्फोबीटेन नावाच्या प्रकारात आणखी एक गोष्ट आहे. शुद्ध पाण्यात त्याचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह हात एकमेकांनाच धरून बसतात म्हणून ते आखडलेलं असतं. मीठ टाकलं की आयन मध्ये शिरतात, हातातले हात सुटतात, साखळ्या मोकळ्या होतात. डायपरच्या पुडीवर मीठ टाकल्यावर जे झालं त्याच्या बरोब्बर उलट, चमचाभर मीठ पडलं की हे जेल फुगतं.